ताऱ्यांच्या प्रकाशाचा प्रामाणिक साक्षीदार : कावसजी दादाभाई नायगमवाला

बुधवारच्या नोव्हेनासाठी माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये येणाऱ्या भाविकांच्या पायाखालून लेडी जमशेटजी मार्ग रोज जातो. ज्या माहीम कॉजवेवरून आपण वांद्र्याहून इकडे येतो, तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला व १८४५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, त्या अवाबाई म्हणजेच लेडी जमशेटजी जीजीभॉय. त्या धर्माने पारशी होत्या. त्यांच्या दातृत्वाचा लाभ मात्र खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येकाला झाला. मुंबई नगरीच्या जडणघडणीत पारशी समाजाने जे दिले, त्याची आठवण माहीमकरांना वेगळी करून द्यावी लागत नाही.

त्याच समाजातील आणखी एका व्यक्तीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांनी पूल बांधला नाही, धर्मशाळा उभारली नाही. त्यांनी आकाशाकडे एक दुर्बीण रोखली, तिला ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारे यंत्र जोडले आणि जे दिसले ते जसेच्या तसे जगाला सांगितले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. हे आडनाव वाचताच दादर-परळकडील वाचकांना जवळचे नायगाव आठवेल आणि वसईकरांना आपल्या खाडीकाठचे नायगाव. खगोलशास्त्राच्या इतिहासात मात्र हे नाव पुणे शहराशी कायमचे जोडले गेले आहे.

शिक्षण आणि काळ

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. त्यांची पिढी ही या विद्यापीठाच्या छायेत वाढलेली पहिली पिढी म्हणता येईल. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय घेऊन ते १८७८ मध्ये एम. ए. झाले व कुलपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. पुढे त्याच महाविद्यालयात त्यांनी प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यापन सुरू केले.

त्या काळी हिंदुस्थानातील सुशिक्षित तरुणापुढे वकिली, वैद्यकी व सरकारी नोकरी हे राजमार्ग होते. शास्त्राचा अभ्यास करणे म्हणजे युरोपात लागलेले शोध पुस्तकांतून वाचणे व विद्यार्थ्यांना सांगणे, इतकाच अर्थ पुष्कळांच्या मनात होता. स्वतः निरीक्षण करावे, स्वतः मोजमाप करावे आणि आपले म्हणणे जगाच्या विद्वानांपुढे मांडावे, ही आकांक्षा फार थोड्यांची होती. नायगमवाला त्या थोड्यांपैकी एक होते.

प्रकाशाची भाषा

त्यांचे कार्य समजून घ्यायचे तर वर्णपट म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. पावसाळ्यात माहीमच्या समुद्रावर इंद्रधनुष्य उमटते, तेव्हा सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे झालेले आपल्याला दिसतात. काचेच्या लोलकातूनही हेच घडते. प्रकाश आधी एका अरुंद फटीतून आत घेतला, भिंगाने त्याचे किरण समांतर केले, लोलकातून किंवा बारीक रेघा ओढलेल्या पट्टीवरून तो पाठवला आणि दुसऱ्या भिंगाने पुन्हा एकत्र आणला, तर त्या रंगपटात कोठे काळ्या तर कोठे उजळ रेषा उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. म्हणून दूरच्या ताऱ्याला हात न लावता तो कशाचा बनला आहे, किती तप्त आहे आणि आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, हे सांगता येते. या यंत्रास वर्णपटदर्शक म्हणतात आणि छायाचित्र घेण्याची सोय असेल तर वर्णपटलेखक.

या शास्त्राच्या आरंभकाळी एका कॅथलिक धर्मगुरूने केलेले कार्य आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांनी रोममधील संत इग्नेशियस चर्चच्या भक्कम बांधणीवर वेधशाळा उभारली व १८६० च्या दशकात सुमारे चार हजार ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांची वर्गवारी केली. ताऱ्यांना त्यांच्या तेजावरून नव्हे, तर त्यांच्या प्रकाशाच्या घडणीवरून गटांत बसवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. फादर सेक्की १८७८ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी मुंबईत नायगमवाला एम. ए. झाले. दोघांची भेट कधीच झाली नाही. परंतु एकाने रोममध्ये धरलेली वाट दुसऱ्याने हिंदुस्थानात पुढे चालवली.

एका देणगीतून वेधशाळा

१८८२ मध्ये भावनगर संस्थानचे महाराजा तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा व्हावी म्हणून पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम तीत घातली. मूळ बेत प्रयोगशाळेचा होता. यंत्रसामग्री खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी व सर नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची खूण ओळखणारे हेच लॉकियर. शिवाय ते एका नामांकित शास्त्रीय साप्ताहिकाचे संपादकही होते. या ज्येष्ठांच्या सल्ल्याने बेत बदलला. चार भिंतींतील प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांचे व सूर्याचे वर्णपट पाहणारी वेधशाळाच उभारावी, असे ठरले.

मग प्रश्न आला जागेचा. मुंबईच्या हवेशी आपला रोजचा परिचय आहे. समुद्राची दमट हवा, आकाशात तरंगणारी धूसरता आणि पावसाळ्यात भिंतींना सुटणारे पाणी यांचा त्रास जसा घरातील कपाटांना होतो, तसाच काचेवर चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या आरशांनाही होतो. घाटमाथ्यापलीकडील पुण्याची हवा कोरडी व स्वच्छ. त्यामुळे वेधशाळा पुण्यास व्हावी हे सयुक्तिक ठरले. नायगमवाला यांची १८८५ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये नेमणूक झाली. आज अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली पुण्याची जुनी संस्था ती हीच. तिच्या आवारात १८८८ मध्ये वेधशाळा सज्ज झाली व दात्याच्या स्मरणार्थ तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव मिळाले.

तेथील मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली होती. तिचा आरसा साडेसोळा इंच व्यासाचा होता. पुढे तिला वीस इंच व्यासाचा आरसा लाभला. त्या काळी हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती. तिला जोडण्यासाठी सूर्याचे व ताऱ्यांचे वर्णपट घेणारी यंत्रे आणलेली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडणे म्हणजे नळाला तोटी बसवण्यासारखे सोपे काम नव्हे. ताऱ्याचा मुळातच अल्प असलेला प्रकाश रंगारंगांत विभागला की प्रत्येक रंगाच्या वाट्याला त्याचा कणभर अंश येतो. फट रुंद ठेवली तर प्रकाश पुरेसा मिळतो, पण रेषा पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. फट अरुंद केली तर रेषा रेखीव होतात, पण प्रकाश अपुरा पडतो. शिवाय पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीने ताऱ्याचा पाठलाग घड्याळाच्या यंत्रणेने अचूक करावा लागतो. रात्री हवा थंड होते तसे धातूचे भाग आकसतात आणि रेषा जागा सोडतात. ही सर्व अवधाने सांभाळीत, दिवसा अध्यापन करून रात्री जागणारा हा मनुष्य आपल्या कामात जवळजवळ एकटाच होता.

गुरूच्या मताविरुद्ध साक्ष

नायगमवाला यांच्या जीवनातील सर्वांत मोलाचा प्रसंग वेधशाळेच्या अगदी आरंभीच्या वर्षांतला आहे.

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रात, तीन ताऱ्यांच्या बाणाखालच्या भागात, एक पुसट ढग दिसतो. तो वायूंचा प्रचंड तेजोमेघ आहे. अशा तेजोमेघांच्या वर्णपटात एक हिरवी, तेजस्वी रेषा दिसते. ही रेषा विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये प्रथम पाहिली. परंतु पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. लॉकियर यांची अशी धारणा होती की, तेजोमेघ हे उल्कांच्या परस्पर आघातांनी तापलेले थवे आहेत आणि ती हिरवी रेषा तप्त मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. त्यांच्या विश्वरचनेच्या संपूर्ण उपपत्तीचा डोलारा या ओळखीवर बराचसा अवलंबून होता. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. दोन दिग्गजांमधील हा वाद त्या काळी चांगलाच रंगला होता.

त्याचा निर्णय करण्याची एक कसोटी होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूस ठळक व दुसऱ्या बाजूस हळूहळू विरत जाणारा असतो. हिरवी रेषा खरोखर त्याची कडा असेल, तर ती एका अंगाने धूसर दिसायला हवी. ती दोन्ही बाजूंनी रेखीव असेल, तर लॉकियर यांचे म्हणणे टिकणार नाही.

नायगमवाला यांनी आपली दुर्बीण मृगाच्या तेजोमेघावर रोखली. त्यांच्या स्थानाचा विचार वाचकांनी जरूर करावा. वेधशाळेचा आराखडा लॉकियर यांच्या सल्ल्याने ठरला होता. लॉकियर यांचा शब्द लंडनमध्ये वजनदार होता. वसाहतीतील एका तरुण अध्यापकाची पुढची वाट त्यांच्या एका अनुकूल शब्दाने सुकर आणि एका प्रतिकूल शब्दाने बिकट होऊ शकत होती. संदिग्ध काहीतरी लिहून मोकळे होणे अशक्य नव्हते. रेषा फार मंद होती, हवा अनुकूल नव्हती, अधिक निरीक्षणे हवीत, असे म्हणून कोणीही वेळ मारून नेला असता.

नायगमवाला यांनी तसे केले नाही. रेषा रेखीव व बारीक आहे, परिस्थिती बदलून पाहिली तरी ती तशीच राहते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाला. पुण्याच्या नव्या वेधशाळेची पहिली महत्त्वाची साक्ष तिच्या हितचिंतकाच्या मताविरुद्ध गेली. अमेरिकेत लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी घेतलेली सूक्ष्म मोजमापेही त्याच दिशेने होती.

पुढे काय झाले? ती रेषा मॅग्नेशियमची नव्हेच, हे सर्वमान्य झाले. कोणी तिचे श्रेय नेब्युलियम नावाच्या कल्पित मूलद्रव्यास दिले. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला : दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूंतून ती निघते. पृथ्वीवरील हवेत अणूंची सतत टक्कर होते, म्हणून अशी रेषा येथे दिसत नाही. अवकाशातील अतिविरळ वायूत अणूंना ती उत्सर्जित करण्याइतकी सवड मिळते. ज्या ऑक्सिजनवर आपण श्वास घेतो, तोच त्या ढगात हिरवा होऊन झळकत होता. ज्या योगायोगाने आम्हांस कौतुक वाटते तो असा की, १८९१ या वर्षीच पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली.

जेऊरचे सूर्यग्रहण

नायगमवाला यांचे नाव सामान्य लोकांपर्यंत पोहोचले असेल तर ते १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणामुळे. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून महाराष्ट्र ओलांडीत ईशान्येकडे गेली. जगभरचे शास्त्रज्ञ या पट्ट्यात जमा झाले. लॉकियर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावर तळ ठोकला. तेथे आजही साहेबाचे ओटे दाखवले जातात. हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे. हेलियमची कहाणी १८६८ च्या ग्रहणाशी व त्यानंतर लॉकियर यांनी इंग्लंडमधूनच केलेल्या निरीक्षणांशी निगडित आहे. विजयदुर्गला ते आले त्याला तीस वर्षे लोटली होती. विजयदुर्गचा मान यामुळे कमी होत नाही, पण सत्य सांगणे इष्ट आहे.

नायगमवाला यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे ठिकाण निवडले. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांचा तळही जेऊरलाच होता व जपानी शास्त्रज्ञही तेथे आले होते. बिहारमधील डुमराव येथे कलकत्त्याच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरूंनी निरीक्षणे केली. आपल्या मिशनरी शिक्षणसंस्थांनी शास्त्राशी जोडलेल्या नात्याची ही एक ठळक खूण आहे.

ते दिवस सुखाचे नव्हते. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. मुंबई व पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला होता. जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर पुण्यातील वातावरण तंग झाले होते. अशा काळात जड यंत्रे रेल्वेने हलवून उघड्या माळावर वेधशाळेचा तळ उभारणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते.

जेऊरला खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. दोन मिनिटांसाठी महिनोनमहिन्यांची तयारी! सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते त्या क्षणी त्याच्या कडेवरील पातळ थर काही सेकंद उघडा पडतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा अकस्मात उजळून उठतात. त्यानंतर सूर्यकिरीट दिसू लागते. हे वर्णपट छायाचित्राच्या काचांवर पकडायचे होते. कोणाचा हात थरथरला, कोणी चुकीच्या क्षणी झाकण उघडले की संधी गेली. सुदैवाने त्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि निरीक्षणे पार पडली. नायगमवाला यांनी घाई न करता काचांचा अभ्यास केला व जेऊरच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला.

एका माणसाची वेधशाळा

दरम्यान दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावर हिंदुस्थान सरकारची सौर वेधशाळा उभी राहिली व १८९९ पासून तिचे काम सुरू झाले. सरकारचे लक्ष व पैसा साहजिकच तिकडे वळला. पुण्याची वेधशाळा नायगमवाला यांच्या परिश्रमांवर चालत राहिली. त्यांच्यानंतर तिचा भार उचलेल असा उत्तराधिकारी तेथे तयार झाला नव्हता. १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळाही बंद करण्यात आली. आरसे, भिंगे व वर्णपटलेखक कोडाईकनालला रवाना झाले. ज्या घुमटाखाली त्यांनी चोवीस वर्षे रात्री काढल्या, तो रिकामा झाला.

निवृत्तीनंतर नायगमवाला आणखी सव्वीस वर्षे जगले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले यंत्र दूर कोठे तरी आहे आणि आपली वेधशाळा आता नाही, ही जाणीव ठेवून त्यांना ही वर्षे काढावी लागली. चरित्रलेखनात यशाचे दिवस लांबण लावून सांगण्याची व असे दिवस एका ओळीत आटोपण्याची रीत आहे. आम्हांस मात्र वाटते की, या शेवटच्या वर्षांकडे वाचकांनी थोडे थांबून पाहावे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी एखादी शाळा, एखादे मंडळ, एखादी पतपेढी जिवापाड जपली आणि हयातीतच ती बंद पडताना पाहिली असेल.

दुर्बिणीचा पुढचा प्रवास

तथापि गोष्ट तेथे संपली नाही. भावनगरच्या महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला बराच काळ उभारली गेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात ती पुन्हा उभी राहिली. पुढे १९८० च्या दशकात, हिमालयात मोठ्या वेधशाळेसाठी जागा शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा हीच दुर्बीण लडाखमधील लेह येथे नेण्यात आली. पुण्याच्या कॉलेजच्या आवारात जन्मलेले यंत्र सुमारे शतकभराने हिमालयात पोहोचले.

लडाखमध्ये अखेर हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण स्थापन झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिच्यासाठी हवाईतील तंत्रज्ञांच्या सहकार्याने निकट-अवरक्त वर्णपटलेखक सिद्ध केला व २०१३ मध्ये तो दुर्बिणीवर बसवला. उत्तराखंडातील देवस्थळ येथील ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर याच संस्थेच्या सहभागाने बनलेला आणखी एक वर्णपटलेखक २०१९ पासून आहे. नायगमवाला ज्या नगरीत शिकले, तिच्याच दक्षिण टोकाला, कुलाब्याला, ही संस्था वसलेली आहे.

निकट-अवरक्त म्हणजे तांबड्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी तापमापकाच्या साहाय्याने तो ओळखला. त्याचा उपयोग काय? अवकाशातील धूळ दृश्य प्रकाश अडवते. अवरक्त प्रकाश तीतून बऱ्याच अंशी पार होतो. ज्या मृगाच्या तेजोमेघाने नायगमवाला यांची परीक्षा पाहिली, त्याच्या मागे धुळीत दडलेला एक बालतारा १९६७ मध्ये बेक्लिन व नॉयगेबाउअर यांना अवरक्त प्रकाशातच सापडला.

अशा यंत्राच्या निर्मितीत अडचणी मोठ्या असतात. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण सोडते, यंत्राची भिंतसुद्धा. म्हणून आतील भाग निर्वात पात्रात ठेवून द्रव नायट्रोजनाच्या आसपासच्या तापमानाला, म्हणजे शून्याखाली सुमारे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करावे लागतात. त्या थंडीत आकसूनही लोलक व आरसे आपापल्या जागी राहतील अशी त्यांची बैठक करावी लागते. साध्या कॅमेऱ्यातील सिलिकॉनला यातील बराचसा प्रकाश दिसत नाही, म्हणून वेगळ्या मिश्रधातूंचे संवेदक वापरतात. शिवाय हवेतील बाष्प हा प्रकाश शोषून घेते. माहीमच्या किनाऱ्यावर आपल्याला घाम फोडणारे तेच बाष्प ताऱ्यांचा संदेश वाटेतच गिळते. म्हणून उंच, कोरड्या जागेचा शोध. मुंबई सोडून पुणे गाठताना जो विचार झाला होता, तोच हानलेपर्यंत ताणला गेला.

हानलेचा वर्णपटलेखक तरंगलांबीतील सुमारे बाराशेव्या भागाइतका फरक ओळखतो. देवस्थळचा सुमारे अडीच हजाराव्या भागाहून थोडा सूक्ष्म. चिली देशात युरोपीय राष्ट्रांच्या ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील अशाच यंत्राची सूक्ष्मता एक लाखाव्या भागापर्यंत जाते. रेषा जितकी बारीक वेगळी काढावी तितका प्रकाश अधिक विभागला जातो आणि आरसा तितका मोठा लागतो. अरुंद फट की पुरेसा प्रकाश, हा नायगमवाला यांच्यापुढचा पेच आजच्या अभियंत्यांपुढेही तसाच उभा आहे. या सूक्ष्मतेमुळे मंद, तांबड्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा माग काढता येतो; ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो आणि त्याच्या रेषा किंचित सरकतात.

आपल्यासाठी

एका पारशी शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्या महाधर्मप्रांताच्या पानावर का, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. ज्याने आकाश निर्मिले त्याच्या निर्मितीकडे लक्षपूर्वक पाहणे हे श्रद्धावंताला परके असू शकत नाही आणि जे पाहिले ते खरे सांगणे हे तर प्रत्येकाचेच कर्तव्य आहे. नायगमवाला यांच्यापुढे त्या हिवाळ्यात एक बारीकशी हिरवी रेषा होती. तिच्या कडा धूसर आहेत, असे लिहिले असते तर एक शक्तिमान मनुष्य प्रसन्न झाला असता. त्यांनी ती रेखीव दिसली, म्हणून रेखीव लिहिली. न्यायालयात, कचेरीत, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, कुटुंबातील वाटणीच्या वेळी आपल्यापुढेही अशा बारीक रेषा येतात.

दुसरा धडा उत्तराधिकाऱ्यांचा आहे. वेधशाळा बंद झाली, कारण ती एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, वाचनालये व मंडळे चालवणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर ध्यानी घ्यावे आणि तरुणांच्या हाती किल्ल्या वेळीच द्याव्यात.

येत्या हिवाळ्यात, पाऊस पूर्ण सरल्यावर, माहीमच्या चौपाटीवर रात्री उशिरा पूर्वेकडे पाहावे. शहराच्या झगमगाटातूनही मृगाचे तीन तारे दिसतात. त्यांच्या जवळचा तो पुसट ढग मुंबईतून दिसणे कठीण. वसईच्या किंवा कोकणातील आपल्या गावाच्या अंगणातून तो दिसेल. मुलांना तो दाखवावा आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे नाव त्यांना सांगावे.